गंगावन, टेप आणि खोबरेल

"दर शनिवारी तेल लावून चंपी करते, तरी एक्स्टेन्शनच्या टेप का निसटतात?" असं एकीने विचारलंय. (एक्स्टेन्शन म्हणजे आपल्या केसांना मुळाशी टेपने चिकटवलेले जोडकेस.) अगं, तेलानेच निसटतात! तेलाने टेपचा गोंद सुटतो. कंडिशनरसुद्धा जोडापासून चार बोटं खालीच लाव. आजीच्या गंगावनाला गोंद नव्हता, ते वेणीत गुंफायचं नि रात्री खुंटीला टांगायचं. म्हणून तिचं खोबरेल खपून गेलं.

टोकं मात्र कोरडी पडतात, कारण टाळूचं तेल त्या केसांपर्यंत पोचतच नाही. सीरमचे दोन थेंब पुरे. आमच्याकडे इंदुरात नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशीच मी केस धुते. बोअरच्या जड पाण्याने ते पार झाडूसारखे होतात. विंचरताना जोडाशी मुठीत धरून टोकांकडून वर यायचं. ओल्या केसांनी झोपू नकोस, वाळले की सैल वेणी घाल. ६ ते ८ आठवड्यांनी टेप काढून पुन्हा वर लावून घ्यायच्या.

आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे आमच्या राजवाड्यावरून जाणाऱ्या रंगांच्या मिरवणुकीला, जाणार असशील तर क्लिपने लावायचे जोडकेस घरीच ठेव. माझ्या सोनेरी बटा गेल्या वर्षी राजवाड्याहून गुलाबी होऊन आल्या, अजून तशाच आहेत.