मदत हवी आहे: टाकीतलं शेवाळ मिठालाही दाद देईना

नमस्कार मंडळी,

६० लिटरची टाकी, सगळे गप्पी. माशांवर पांढरे ठिपके दिसले म्हणून खडेमीठ घातलं. मासे बिचकू नयेत म्हणून रोज ६० ग्रॅम, असं तीन दिवस. मासे सावरले, कबोम्बा या पाणवनस्पतीचा मात्र लगदा झाला. आणि लाकडावरचं करडं, सांबरशिंगासारखे फाटे फुटलेलं शेवाळ? जसंच्या तसं! एक झुबका स्पिरिटमध्ये बुडवला तर सकाळी गुलाबी झाला होता. म्हणजे हे लाल शैवाल ना? मग गोड्या पाण्यातलं असून मिठात तगलं कसं? आणि घालवू कसं?

प्रतिसाद १
हो, लालच. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं. लाल रंगद्रव्य उतरत नाही, म्हणून गुलाबी. वर्णनावरून कॉम्प्सोपोगॉन वाटतंय.

घोटाळा त्या तीन दिवसांत आहे. मीठ वाढलं की पेशीतलं पाणी काही मिनिटांत बाहेर ओढलं जातं. लाल शैवालं आधी पोटॅशियमसारखे आयन आत घेऊन वेळ मारून नेतात आणि मग सावकाश, काही तासांत, साठवलेल्या स्टार्चमधून फ्लोरिडोसाइड बनवतात. गॅलॅक्टोज आणि ग्लिसरॉलची ही जोडगोळी पाणी धरून ठेवते, पण मिठासारखी पेशीच्या कामात खोडा घालत नाही. तुम्ही थोडंथोडं करून मीठ दिलंत, शेवाळाला तयारीला सवड मिळाली. शिवाय लिटरला ३ ग्रॅम म्हणजे काय, समुद्रात साधारण ३५ असतं.

प्रतिसाद २
खाडीतल्या कांदळवनात तिवराच्या श्वसनमुळांवरचं काळपट शेवाळ बघा कधी. बॉस्ट्रिकिया, कॅलोग्लोसा, दोन्ही लालच. भरतीला खारं, पावसाळ्यात जवळपास गोडं. तिथे पाणी धरून ठेवायला बॉस्ट्रिकिया सॉर्बिटॉल वापरतं, कॅलोग्लोसा मॅनिटॉल.

पण म्हणून कुठलंही लाल शैवाल कुठेही जगेल असं नाही. बँगिया या लाल शैवालाचंच घ्या. अमेरिकेतल्या ईरी सरोवरात ते १९६४ साली सापडलं. गोड्या आणि समुद्री बँगियाला एकमेकांच्या पाण्याची सवय लावता येते असं १९७०च्या दशकात मांडलं गेलं. पुढे डीएनएवरून गोड्या पाण्यातलं कूळच वेगळं निघालं.

धागाकर्ता
लाकूड उकळलं. आई विचारतेय, ते पातेलं आता कशाला वापरायचं! मीठ एकदम काढू की हळूहळू?

प्रतिसाद १
माशांसाठी हळूहळूच, रोज पाव टाकी पाणी बदला. शेवाळालाही फ्लोरिडोसाइड मोडून टाकायला सवड मिळेल, त्याला इलाज नाही. काचेवरचं ब्लेडने खरवडा आणि तुकडे पाण्यात राहू देऊ नका, त्यांतूनच नवं फुटतं.