मदत हवी आहे: तळ्यातल्या बाससाठी हार्ड लूर, कुठल्या ऋतूत कुठला?

भेंडवाला

नमस्कार मंडळी,

लार्जमाउथ बास गरवायचा नाद लागलाय. मऊ प्लॅस्टिकच्या किड्यांवर मासे मिळतात, तक्रार नाही. पण हार्ड लूरचं (लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकच्या नकली माशांचं) गणित काही जुळत नाही. डबा भरलेला आहे: क्रँकबेट (ओठामुळे ओढताना खाली बुडणारा), जर्कबेट (लांबट, झटक्यांनी चालवायचा), पॉपर (पाण्यावर 'टप' करणारा), एक लिपलेस (बिनओठाचा, बुडणारा). रंग तर इतके की दुकान मांडावं. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येक जण वेगळाच लूर हातात धरून 'याच्याशिवाय पर्याय नाही' म्हणतो.

तळ्याची माहिती देतो. सगळ्यात खोल जागा साधारण २५ फूट. एका बाजूला कमळपानं आणि पाण्याखालचं गवत, समोरच्या बाजूला बांधाचे दगड, एका कोपऱ्यात पडलेली झाडं. पाणी एरवी नितळ, जोराचा पाऊस झाला की गढूळ. बहुतेक वेळा काठावरूनच टाकतो, कधीमधी कायाक मिळते. मीडियम रॉड, स्पिनिंग रील, ब्रेडेड (विणलेली) दोरी.

विचारायचं असं की वर्षभराला पुरतील असे मोजके लूर ठेवायचे तर कोणते? क्रँकबेट दर फेकीला गवताची जुडी घेऊन परत येतो, त्याचं काय करायचं? आणि पाकिटावर 'सस्पेंडिंग' (म्हणजे थांबवला की वर-खाली न जाता पाण्यात मध्येच राहणारा) लिहिलेला जर्कबेट थांबवला की हळूहळू वर का येतो? सध्या थंडी आहे, पाणी ७ अंश सेल्सिअस.

पाणकावळा

रंग तूर्त विसरा. आधी मासा किती खोलीवर आहे ते बघा, मग पाण्याच्या तापमानावरून लूर किती जोरात ओढायचा ते ठरवा. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी. बास थंड रक्ताचा, त्यामुळे गार पाण्यात त्याची पळण्याची तयारी नसते आणि पचनही मंद असतं. ७ अंशांत तो लूरचा पाठलाग करणार नाही, लूर त्याच्या तोंडासमोर थांबवावा लागतो. तोच मासा २२ अंशांत तीन फूट उसळून पॉपर फोडतो.

तुमच्या तळ्यासाठी माझी निवड पाच लुरांची: एक सस्पेंडिंग जर्कबेट, एक लिपलेस, एक चौकोनी ओठाचा उथळ क्रँकबेट (स्क्वेअरबिल), एक १०-१२ फुटांपर्यंत जाणारा क्रँकबेट आणि पाण्यावर चालणारा एक टॉपवॉटर. बाकीचे पडू देत डब्यात, शोभा आहे.

गवताचं उत्तर सोपं आहे. क्रँकबेट किती खोल जातो ते पाकिटावर असतं. गवताचा शेंडा पाण्याखाली चार फुटांवर असेल तर तीन फूट जाणारा लूर घ्या, म्हणजे तो शेंड्याच्या जरा वरून जाईल. दगडांवर मात्र उलट. तिथे खोली आठ फूट असेल तर दहा फूट जाणारा लूर हवा, कारण दगडावर आपटून तो तिरका उडतो त्याच क्षणी मासा धरतो. मोकळ्या पाण्यात नुसता सरळ ओढलेला क्रँकबेट म्हणजे हाताला व्यायाम.

खंड्या

जर्कबेटबद्दल मी सांगतो, माझा आवडता विषय.

लूरमध्ये दोष नाही, पाणी बदललंय. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. २० अंशांच्या पाण्यात अचूक तरंगत राहणारा लूर ७ अंशांच्या पाण्यात थोडा हलका पडतो आणि वर सरकतो. १४ ग्रॅमच्या लूरला हा फरक जेमतेम ०.०२ ग्रॅमचा, पण वर जायचं की जागीच थांबायचं हे तेवढ्यावरच ठरतं. पुढच्या तिहेरी गळाच्या दांड्यावर शिशाच्या किंवा सोल्डरच्या तारेचे दोन वेढे द्या, नाहीतर गळ एक नंबर मोठा लावा. मग काठाजवळच्या त्याच गार पाण्यात सोडून बघा. घरच्या नळाच्या पाण्यात तपासू नका, तापमान वेगळं असतं. नाक किंचित खाली ठेवून जागच्या जागी राहिला की जमलं. अगदी सावकाश खाली गेला तरी चालेल, वर यायला नको.

ओढायची पद्धत: दोरी सैल ठेवून रॉडच्या टोकाने खाली दोन झटके, आणि मग थांबा. झटका दिल्याबरोबर दोरी परत सैल सोडायची, म्हणजे लूर जागेवरच डावीकडे-उजवीकडे मान फिरवतो. ताणलेल्या दोरीवर तो नुसता पुढे पळतो. ७ अंशांत थांबणं १५-२० सेकंदांचं, कधी त्याहून जास्त. कंटाळा येतो, मान्य आहे. पण मासा याच वेळात धरतो, आणि झटका असा जाणवतच नाही. दोरी बाजूला सरकते किंवा पुढचा झटका द्यायला जावं तर पलीकडे ओझं असतं. पाणी १३-१४ अंशांवर गेलं की थांबणं दोन-चार सेकंदांवर आणा.

भेंडवाला

@खंड्या, सोल्डरची तार घरात आहे, आजच करतो. @पाणकावळा काका, पाचच लूर ऐकून बरं वाटलं. पण ते ऋतूंमध्ये वाटून सांगाल का?

पाणकावळा

काका म्हणालात, आता सविस्तर लिहिणं आलं.

कॅलेंडर बघू नका, थर्मामीटर बघा. पाणी १० अंशांच्या वर चढायला लागलं की बास खोल पाण्यातून उथळ कोपऱ्यांकडे निघतात आणि वाटेत पाण्यात घुसलेल्या काठाच्या टोकांवर, गवताच्या कडेला थांबतात. माझ्या मते हार्ड लूरसाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच. लिपलेस गवतावर टाका, बुडू द्या, गवतात अडकला की जोरात झटकून सोडवा. सुटून तो लडबडत खाली येतो तेव्हा मासा धरतो. गवत ब्रेडने कापलं जातं, तेव्हा तुमची दोरी इथे उपयोगाची. तांबडा-तपकिरी, कुर्लीसारखा रंग या दिवसांत खरंच चालतो, कारण बास तेव्हा गोड्या पाण्यातले क्रेफिश खात असतात. पाणी पावसाने गढूळ झालं असेल तर पडलेल्या झाडांवर स्क्वेअरबिल. हा लूर नाक खाली करून चालतो, त्यामुळे फांदीला आधी ओठ लागतो आणि गळ मागे राहतात. फांदीला आपटला की ओढणं थांबवा, तो आपोआप वर तरंगून सुटतो. नवशिके तिथेच जोर लावतात आणि लूर झाडाला भेट देतात.

१६ ते २० अंशांच्या दरम्यान मासे घरटी करून अंडी घालतात आणि नर राखण करतो. तेव्हा मी घरट्यांवर लूर टाकत नाही. नर उचलला की बाकीचे छोटे मासे अंडी फस्त करतात. काही ठिकाणी या काळात बास धरायला बंदीच असते, तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

त्यानंतर टॉपवॉटर. ते @कमळपान सांगतील, त्यांचं त्यातच सगळं आयुष्य चाललंय.

भर उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर होतात. वर गरम, खाली गार, आणि मधल्या सीमेखाली प्राणवायू फार कमी. त्या खाली मासा नाही, म्हणून २५ फुटांवर लूर पोचवायचा खटाटोप करू नका. दुपारी १०-१२ फूट जाणारा क्रँकबेट बांधाच्या दगडांच्या खालच्या कडेवर. पाणी गरम असल्याने वेगात ओढा, तळाला ठोकत.

शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि सगळं तळं ढवळून निघतं. ते आठ-दहा दिवस मासे विखुरतात, डोकं फिरवून घेऊ नका. एरवी लहान मासे कोपऱ्यांत शिरतात आणि त्यांच्यामागे बास. चंदेरी लिपलेस, स्क्वेअरबिल, वारा ज्या काठावर येतो तो काठ.

कमळपान

टॉपवॉटरसाठी पहाट, संध्याकाळ किंवा ढगाळ दिवस. पाणी साधारण १६-१७ अंशांच्या वर हवं. पॉपर कमळपानांच्या कडेला टाका आणि पाण्यावरची वलयं विरेपर्यंत हलवू नका. मग एक 'टप'. पुन्हा शांत. मोकळ्या पाण्यावर लांब सिगारच्या आकाराचा, डावी-उजवी चालणारा लूर.

महत्त्वाचं: पाणी उसळलं की लगेच रॉड ओढू नका. वजन हाताला लागलं की मगच. आवाजाला घाबरून ओढणारे लूर स्वतःच्या अंगावर ओढून घेतात, आणि त्याला सहा टोकं असतात. पकड जवळ ठेवा. गळाच्या टोकामागचे उलटे काटे चिमटून दाबले तर मासाही लवकर सोडवता येतो आणि बोटही.

खंड्या

@पाणकावळा, रंगाचं तुम्ही फारच उडवून लावता. नितळ पाण्यात आणि जर्कबेटसारख्या थांबणाऱ्या लूरला मासा निरखून बघतो, तिथे फरक पडतो. अर्धपारदर्शक, फिकट रंग आणि खुळखुळा नसलेला लूर घ्या. गढूळ पाण्यात खुळखुळा आणि भडक पिवळा-हिरवा. वेगातल्या क्रँकबेटला तुमचं म्हणणं मान्य.

पाणकावळा

मान्य. तरी जोडीला सांगतो, फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये पहिला लूर बुचाच्या लाकडाचा कोरला, त्यावर चॉकलेटच्या कागदाची चांदी चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरचा लेप केला. रंगाची चैन कुठली! त्याने बघितलं होतं की शिकारी मासा थव्यातला लंगडत पोहणारा मासा आधी उचलतो, म्हणून लूर तसा डुलवला.

भेंडवाला

मस्त माहिती. दोन शंका उरल्या. काठावरून टाकताना खोल क्रँकबेट सारखा तळात रुततो. आणि माझा एक क्रँकबेट ओढताना डावीकडे पळतो, फेकून देऊ का?

पाणकावळा

काठावरून सरळ आत टाकला की लूर खोलातून उथळाकडे येतो, म्हणजे चढ चढतो, रुतणारच. काठाला समांतर टाका, पूर्ण फेकीत एकाच खोलीवर राहील. नाहीतर लिपलेस वापरा. तो साधारण सेकंदाला फूटभर बुडतो, आकडे मोजून हवी ती खोली गाठता येते.

डावीकडे पळणाऱ्याला फेकू नका. लूरचं नाक आपल्याकडे करून धरा, दोरी बांधायची कडी चिमट्याने किंचित उजवीकडे वाकवा, केसभरच. पाण्यात ओढून बघा, पुन्हा केसभर. एकदम जास्त वाकवली तर कडी सैल होते.

भेंडवाला

आणि ब्रेड काढून टाकू का?

खंड्या

नको. पुढे सहा-आठ फूट फ्लोरोकार्बनचा लीडर (ब्रेड आणि लूरच्या मधला वेगळ्या दोरीचा तुकडा) जोडा, ८-१० पौंड ताकदीचा. तो बुडतो, जर्कबेटला खाली राहायला मदत होते. टॉपवॉटरला मात्र मोनोफिलामेंटचा (साध्या नायलॉन दोरीचा) लीडर, कारण फ्लोरोकार्बन लूरचं नाक पाण्यात ओढतो. आणि रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक) थोडा सैल ठेवा. ब्रेड ताणून लांबत नाही, मीडियम रॉडवर काठाजवळ मासा उसळला की तिहेरी गळ तोंड फाडून निघतात.