मदत हवी आहे: एमपी३ प्लेयर गाणी क्रमाने वाजवत नाही

साधा, बटणांचा एमपी३ प्लेयर. ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, फॅट३२ फॉरमॅट (कार्डावर फाइली साठवायची एक पद्धत). फाइलींना ०१, ०२, ०३ अशी नावं आहेत, तरी ०१ संपलं की थेट ०७ लागतं. शफल बंद आहे. टॅगमध्ये (फाइलीतच साठवलेली गाण्याची माहिती) ट्रॅक नंबर भरले, काही फरक नाही. कार्ड फॉरमॅट करून सगळ्या फाइली एकदम टाकल्या, पुन्हा तोच घोळ. रिकाम्या फोल्डरमध्ये एकेक फाइल कॉपी केली की मात्र क्रम अचूक येतो. म्हणजे प्लेयर नाव बघतच नाही, कार्डावर ज्या क्रमाने नोंद झाली तोच धरतो. पण चारशे फाइली अशा एकेक करून टाकणं अशक्य आहे. संगणक विंडोजचा. फाइली न हलवता फोल्डरमधल्या नोंदी नावाप्रमाणे लावून देणारं, खात्रीचं सॉफ्टवेअर कोणतं? आणि नंतर एखादं गाणं वाढवलं तर ते सॉफ्टवेअर दर वेळी पुन्हा चालवावं लागतं का?