'काहीच बिघडलं नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा माझा माल युरोपात पाठवून दाखवावा

सुईदोरा:
काल आमच्या ग्रुपवर ब्रेक्झिटवरची, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं त्यावरची, एक लांबलचक पोस्ट फिरत आली. सारांश असा की २०१६ मध्ये सगळे तज्ज्ञ ब्रिटन बुडणार म्हणून ओरडत होते, प्रत्यक्षात काहीच बिघडलं नाही, उलट जर्मनीच गाळात गेली, आणि जे छोटे धंदेवाले रडतात त्यांना फक्त फॉर्म भरायचा कंटाळा आहे. शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं. दोनदा लिहून पुसलं, आता लिहितेच.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून कुर्ते, दुपट्टे, लहान मुलांचे कपडे विकते. माल भारतात शिवून येतो, इथे मी तपासते, लेबलं लावते, इस्त्री करते, पॅक करून दुकानांना पाठवते, एका वेळी चाळीस-पन्नास नग. २०२० संपेपर्यंत माझी निम्मी गिऱ्हाइकं जर्मनी, नेदरलँड्स आणि आयर्लंडमधली दुकानं होती, आणि हँबर्गचं खोकं नि लीड्सचं खोकं यांत फरक फक्त भाड्याचा. १ जानेवारी २०२१ ला ब्रिटन युनियनच्या बाजारातून बाहेर पडलं, आणि तेव्हापासून कमोडिटी कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा), ईओआरआय नंबर (आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक), कस्टम्स डिक्लरेशन, तिकडच्या दुकानदाराला इम्पोर्ट व्हॅट, वर कुरिअरवाल्याची वेगळी फी. हे सगळं मी शिकले हो, पोरं झोपल्यावर रात्री बसून शिकले.

मग खरी मेख कळली. टीव्हीवर सांगत होते युरोपशी करार झालाय, झिरो टॅरिफ, झिरो कोटा, म्हणजे ना ड्युटी, ना मालाच्या प्रमाणावर मर्यादा. ती सवलत ब्रिटनमध्ये 'बनलेल्या' मालाला आहे! माझा कुर्ता भारतात शिवलेला, म्हणून तो इथे उतरला की एकदा ड्युटी आणि युरोपात शिरला की परत ड्युटी. आधी एकदा भरली की माल सगळीकडे मोकळा फिरायचा. आणि नुसती इस्त्री करून, लेबल लावून माल ब्रिटिश होत नाही, करारात इस्त्रीचा चक्क नाव घेऊन उल्लेख आहे. आता युरोपातलं एक दुकान उरलंय, तेही बाई ओळखीच्या आहेत म्हणून. कंटाळा नाही आला मला. हिशोबच बसत नाही.

सडेतोड:
ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण एका दुकानावरून देशाचं गणित मांडता येत नाही. त्या पोस्टमधला मूळ मुद्दा बरोबरच आहे. मे २०१६ मध्ये इथल्या ट्रेझरीने, म्हणजे अर्थखात्याने, सांगितलं होतं की सार्वमतात लीव्हला, म्हणजे युनियन सोडायला, मत पडलं तर लगेच वर्षभराची मंदी येईल आणि पाच लाखांच्या आसपास नोकऱ्या जातील. झालं उलटं, पुढची तीन वर्षं बेरोजगारी कमी होत गेली. हे भाकीत चुकलं असं कोणी मोठ्याने कबूल केलेलं मी तरी ऐकलं नाही. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली, युनियनमध्ये राहून. मग युनियनने काय वाचवलं?

आणि तुमच्याच कुर्त्याचं घ्या. २४ जुलै २०२५ ला भारताशी व्यापार करारावर सही झाली, तो लागू झाला की भारतातून येणाऱ्या कपड्यांवरची इथली ड्युटी जाते. युनियनमध्ये असतो तर असा वेगळा करार करताच आला नसता. ब्रसेल्सने, म्हणजे युनियनने, भारताशी २००७ मध्ये बोलणी सुरू केली, २०१३ मध्ये ती थांबली, परत सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आपण आपल्या हाताने केला. शिवाय दोनदा ड्युटी टाळायला कस्टम्स वेअरहाऊस असतं, त्यात ठेवलेला माल बाहेर पाठवला तर इथली ड्युटी लागत नाही. चौकशी केली होती का?

सुईदोरा:
केली होती. त्यासाठी परवानगी लागते, मालाचा वेगळा हिशोब ठेवावा लागतो, आणि माझा सगळा माल घरामागच्या गॅरेजमध्ये आहे. दुसऱ्याच्या वेअरहाऊसमध्ये जागा घ्यायची तर त्याच्या भाड्यात माझा नफा संपतो. मोठ्या कंपन्यांनी काय केलं माहितीये? नेदरलँड्समध्ये गोदाम घेतलं आणि मोकळ्या झाल्या. तिथले पॅकिंगवाले आता पगार घेतात ना, तो आधी इथे मिळायचा.

हिशेबनीस:
ट्रेझरीचं ते भाकीत चुकलं, साफ चुकलं. मी स्वतः रिमेनवाला, म्हणजे युनियनमध्येच राहा म्हणणारा, आहे आणि त्या आकड्यांनी आमच्याच बाजूचा घात केला असं माझं मत आहे, कारण तेव्हापासून कोणीही कुठलाही आकडा दिला की समोरचा २०१६ काढतो.

पण सडेतोड, तुम्ही धक्का शोधताय. हे दुखणं हळूहळू हवा जाणाऱ्या टायरसारखं आहे. ओबीआरचा, म्हणजे सरकारी अर्थकारणाचे अंदाज बांधणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा, अंदाज असा आहे की ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात, आत राहिलो असतो त्यापेक्षा ४ टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात मिळून व्यापार १५ टक्क्यांनी कमी. हे दर वर्षाचं नाही, एकूण पातळीचं आहे, आणि ते साचत जातं. याच्या उलट बाजूला काय? सीपीटीपीपी या पॅसिफिकभोवतीच्या देशांच्या व्यापार करारामध्ये आपण १५ डिसेंबर २०२४ ला गेलो, त्यातून दीर्घकाळात ०.०८ टक्के वाढ मिळेल हा सरकारचा स्वतःचा अंदाज होता. शून्य पॉइंट शून्य आठ! भारताचा करार चांगला आहे, मला आनंदच आहे, पण दाराशी असलेली सर्वांत मोठी बाजारपेठ त्याने भरून निघत नाही.

आणि जर्मनीचं म्हणाल तर ती रशियाच्या गॅसवर बसली होती नि तिच्या गाड्यांना चीनने गाठलं. त्यात आपल्या कस्टम्स फॉर्मचा काय संबंध?

सडेतोड:
बघा, जर्मनीचं वाईट झालं की कारण गॅस आणि चीन, ब्रिटनचं वाईट झालं की कारण ब्रेक्झिट. कोविड आणि युक्रेन इथे आलेच नव्हते जणू. 'आत राहिलो असतो तर' हा देश कोणी पाहिलाय? तुमचे ४ टक्के त्या न पाहिलेल्या देशाशी तुलना करून काढलेत.

आणि सगळं पैशात का मोजायचं? मी २००८ ला इथे आलो. व्हिसा, एक्स्टेन्शन, परत व्हिसा, प्रत्येक वेळी फी, प्रत्येक वेळी पोटात गोळा. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा पोरगा युरोपातून बॅग घेऊन आला आणि सोमवारी कामाला लागला. त्याचा मला राग नाही, नियमाचा राग होता. लंडनजवळच्या स्लाव (Slough) गावात राहतो मी, आमच्या गावाने लीव्हला मत दिलं आणि त्यात आपल्याकडचे किती होते ते मला माहितीये. सगळ्यांना एकच रांग, एवढंच मागणं होतं.

रात्रपाळी:
सडेतोड यांच्या या मुद्द्यावर मला बोलायचंय, बाकी व्यापाराचं मला फारसं कळत नाही. मी नर्स आहे. आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, चारही भागांत ७ पाहिजे होते, माझे रायटिंगमध्ये अर्ध्या मार्काने दोनदा गेले. त्या वेळी युरोपातल्या नर्सला भाषेची परीक्षाच नव्हती, २०१६ च्या सुरुवातीला ती लागू झाली. माझ्या वॉर्डात हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना रुग्णांची माहिती देताना, समोरच्या बाईचं बोलणं कळायचं नाही आणि मी परीक्षेची फी तिसऱ्यांदा भरून आलेली. तेव्हा मलाही वाटलं होतं, हे बंद व्हावं.

पण झालं काय? युरोपातून नव्याने येणाऱ्या नर्सेस हजारांवरून शेकड्यांवर आल्या, रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, रिकामा पडला, आणि त्यांची पोस्टिंग्ज भरेपर्यंत आम्ही डबल शिफ्ट केल्या. आणि आमच्यासाठी काय सोपं झालं? व्हिसाबरोबर भरायचा हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड झाला, नर्सेसना माफ आहे पण माझ्या भावाला आयटीत माफ नाही. स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून थेट ३८,७०० पौंड. मार्च २०२४ नंतर केअर होममध्ये आलेल्या मुलींना नवरा-मुलं आणता येत नाहीत. रांग एकच झाली, खरंय, पण ती आपल्यासाठी छोटी झाली नाही.

मांडवीकार:
मघापासून गप्प वाचतोय. सडेतोड, तुमच्या त्या 'बॅग घेऊन आला' मधला एक मी. गोंयचा आहे, पुर्तुगेज पासपोर्ट, म्हणजे युरोपियन नागरिक. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यांची मुलं, नातवंडं, यांना तो मिळतो. माझ्या आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनला करायची, मग बाबांची, मग माझी, यात चार वर्षं आणि वकिलांचे पैसे गेले. भारताचं नागरिकत्व सोडलं. फुकट काही मिळालं नाही. मग स्विंडनला आलो, वेअरहाऊसमध्ये रात्री खोकी उचलली.

आता २३ जून २०१६ चं ऐका. त्या मतदानात इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना मत होतं, म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेला माणूस व्हिसावर असला तरी मत देऊ शकत होता. युरोपियन नागरिकांना नव्हतं, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाले सोडून. माझा भाऊ भारतीय पासपोर्टवर शिकायला आला होता, त्याने मत दिलं. मी आठ वर्षं टॅक्स भरलेला, मला मत नाही. माझ्याच भवितव्याबद्दल तुम्ही मत दिलं आणि मी खिडकीतून रांग बघत होतो.

सडेतोड:
मी कायद्याने मिळालेला हक्क वापरला, माफी कशाबद्दल मागू? आणि स्पष्टच बोलतो, पोर्तुगालला एक दिवस न राहता पोर्तुगालच्या पासपोर्टवर ब्रिटनला यायचं हा मागच्या दाराचाच रस्ता होता. लोकांना हेच खटकत होतं.

मांडवीकार:
मागचं दार? साडेचारशे वर्षं ते आमच्या घरात बसले होते, तेव्हा कुठल्या दाराने आले होते? कायदा त्यांचा, पासपोर्ट त्यांचा, तुमचं मत कायद्याने आणि माझा पासपोर्ट मागच्या दाराने, असं कसं चालेल? जरा तोंड सांभाळून बोला.

हिशेबनीस:
दोघांनी जरा दमाने घ्या. मुद्दा अर्थकारणाचा होता.

मांडवीकार:
हेच अर्थकारण आहे, साहेब. स्विंडनला होंडाची फॅक्टरी होती. जुलै २०२१ मध्ये बंद पडली, तीन हजारांवर नोकऱ्या गेल्या, आमच्यातले किती तरी तिला माल पुरवणाऱ्या ठिकाणी होते. त्या शहराने पण लीव्हला मत दिलं होतं.

सडेतोड:
तोंड सांभाळून म्हणालात ते बरोबर, मागचं दार हा शब्द मागे घेतो. पण होंडाचं बिल ब्रेक्झिटवर फाडू नका. कंपनीने स्वतः सांगितलं की कारण इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळणं आहे. शिवाय युरोप आणि जपानचा करार फेब्रुवारी २०१९ ला लागू झाला, गाड्यांवरची १० टक्के ड्युटी टप्प्याटप्प्याने जाणार होती, मग जपानी कंपनीने ब्रिटनमध्ये फॅक्टरी का ठेवावी? तो करार युनियननेच केला ना?

हिशेबनीस:
होंडाबद्दल सडेतोड बरोबर आहेत, नाइलाजाने म्हणतो. ती फॅक्टरी ब्रेक्झिटच्या यादीत घालणं चूक आहे, आमचे लोक दर वेळी घालतात. पण मग युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात या लीव्हवाल्यांच्या दाव्याचं काय? बसवर लिहून फिरवले होते. तो आकडा रिबेट, म्हणजे ब्रिटनला मिळणारी सूट, वजा न करता काढलेला होता, आणि युनियनमधून निघतानाच्या हिशोबाचं बिल ट्रेझरीच्या अंदाजाने ३५ ते ३९ अब्ज पौंड होतं.

सडेतोड:
बसवरचा आकडा खोटा होता. हे मी तेव्हाही म्हणालो होतो, घरात भांडण झालं होतं त्यावरून. पण निव्वळ धरले तरी वर्षाला ९ अब्जांच्या आसपास जात होतेच, ते काही शून्य नाही.

सुईदोरा:
नाही ना शून्य. माझे गेले तेही शून्य नाहीत. एक सांगा सडेतोड, मे २०२५ मध्ये ब्रसेल्सबरोबर नवी समजूत झाली, खाण्यापिण्याच्या मालावरच्या तपासण्या कमी करायचं ठरलं, त्याच्या जोडीला युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या समुद्रातली मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवून दिली. मांस, चीज, रोपं पाठवणाऱ्यांना हायसं वाटेल, त्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत, प्रत्येक खेपेला जनावरांच्या डॉक्टरची सही. पण कपड्याला त्यात काहीच नाही. भारताच्या कराराने इथली ड्युटी जाईल, मान्य. युरोपच्या दारातली तशीच राहणार. ते फॉर्मच्या कंटाळ्याने झालं का?

सडेतोड:
नाही. ते वाक्य त्या पोस्टमध्ये नको होतं. दोनदा ड्युटीचं मला माहीत नव्हतं, झिरो टॅरिफ म्हणजे झिरोच असं मीही समजत होतो. माझं मत बदललेलं नाही, परत मतदान झालं तर परत तेच देईन, पण ज्यांनी हा करार केला त्यांनी छोट्यांचा विचार केला नाही हे लिहून देतो.

रात्रपाळी:
आमच्या वॉर्डातून एक स्पॅनिश सिस्टर परवाच गेली, तेरा वर्षं होती. सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, होती तरी गेली. म्हणाली, आता पाहुण्यासारखं वाटतं.

मांडवीकार:
माझं पण स्टेटस आहे, ३० जून २०२१ च्या मुदतीआधी केलेलं. पण भाच्याला उशीर झाला, त्याचा पासपोर्ट २०२२ ला हातात आला. ब्रिटन बंद. आता तो लिस्बनच्या बाहेर एका गोदामात खोकी उचलतो. काल फोन आला तेव्हा म्हणाला, मामा, इथून एक खोकं लेस्टरला जातं, त्याला तीन कागद जास्त लावतो.