मदत हवी आहे: पासवर्ड बदलला तरी शॅडो फाइलमध्ये $६$च

टॉवेलवाला:
मंडळी नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे. कॉम्प्युटरचं थोडं कळतं म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात. त्यावर डेबियन १० (लिनक्सचा एक प्रकार) होतं, जागेवरच ११ आणि मग १२ केलं. आता निर्यातीच्या पार्टीने एक तक्ता पाठवलाय: पासवर्ड हॅशिंग कुठलं, म्हणजे पासवर्ड उलटा काढता येऊ नये असा कोणत्या पद्धतीने बदलून साठवता? हे हॅश ठेवणारी शॅडो फाइल उघडली तर सगळ्या खात्यांचे हॅश $६$ने, म्हणजे एसएचए५१२ या पद्धतीने, सुरू. निवृत्त दिवाणजींचं तर $१$, ते आधीच्या मशीनवरून तसंच उचलून आणलेलं.

लॉगिन डॉट डेफ्स या सेटिंगच्या फाइलमध्ये एन्क्रिप्ट मेथडपुढे येसक्रिप्ट (नवी हॅशिंग पद्धत) लिहिलं, रीबूट केलं, माझा पासवर्ड बदलला. तरी $६$च! आणि कुणाला त्रास न देता जुने हॅश नवे करता येतात का? मालक आधीच म्हणतात, "सारखं पासवर्ड कशाला बदलालाव?"

जुनाखोड:
रीबूटची गरजच नव्हती. पासवर्ड बदलताना पॅम, म्हणजे लॉगिन-पासवर्ड सांभाळणारी लिनक्सची यंत्रणा, काम करतं. पॅम डॉट डी फोल्डरातली कॉमन-पासवर्ड फाइल बघा. तिच्यात पॅम-युनिक्स या भागाच्या ओळीत एसएचए५१२ असेल, तर लॉगिन डॉट डेफ्समध्ये काहीही लिहा, ओळीतलाच शब्द चालतो. डेबियन ११ पासून तिथे येसक्रिप्ट येतं. तुमच्याकडे आलं नाही म्हणजे त्या फाइलीत कुणीतरी हाताने काही घातलंय.

टॉवेलवाला:
मीच! पासवर्ड किमान दहा अक्षरी असावा म्हणून पीडब्ल्यूक्वालिटीची ओळ टाकली होती. अपग्रेड करताना निळ्या पडद्यावर स्थानिक बदल पुसू का विचारलं, मी डोळे झाकून नाही म्हटलं.

जुनाखोड:
झालं तर मग. एसएचए५१२च्या जागी येसक्रिप्ट लिहा. पण आधी दुसऱ्या खिडकीत रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) लॉगिन करून ठेवा आणि काम संपेपर्यंत बंद करू नका. पॅममध्ये एक अक्षर चुकलं तर बाहेरच राहाल. येसक्रिप्टचा खर्चाचा आकडा (हॅश करायला किती मेहनत लागावी ते) मुळात ५ असतो, तोच राहू द्या. एका लॉगिनला सुमारे १६ एमबी मेमरी लागते, चोराला तेच महागात पडतं.

जुने हॅश आपोआप बदलत नाहीत. हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही, मग नवा हॅश कशाचा करणार? पासवर्डची मुदत ठरवणाऱ्या चेज कमांडला -डी ० द्या, पुढच्या लॉगिनला माणसाला पासवर्ड बदलावाच लागेल. दिवाणजींचं खातं मात्र आजच बंद करा. $१$ म्हणजे एमडी५, फक्त १००० फेऱ्या.

रात्रपाळी:
एक विचारतो. ही शॅडो फाइल दुसऱ्या जुन्या मशीनवर कॉपी होते का? सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सला $y$ (येसक्रिप्टची खूण) कळत नाही, तिथे कुणीच आत जाणार नाही. तसं असेल तर एसएचए५१२च ठेवा, पण राउंड्स (फेऱ्या) वाढवा. न लिहिल्यास ५०००च असतात. ६५५३६ लिहिलं तरी लॉगिनला जाणवणार नाही.

टॉवेलवाला:
नाही, दुसरं मशीन नाही. येसक्रिप्ट लिहिलं, पासवर्ड बदलला, $y$ आलं! मग सगळ्या खात्यांवर एकदम चेज चालवला. सकाळी बघतो तर रात्रीचा बॅकअपच झाला नाही. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या लॉगमध्ये पासवर्डची मुदत संपल्याची ओरड. बॅकअपचं खातंही त्यात सापडलं होतं.

रात्रपाळी:
त्या खात्यावर चेज -डी आणि आजची तारीख द्या, क्रॉन चालू होईल. पुढच्या वेळी माणसांचीच खाती निवडा.

टॉवेलवाला:
दिली, बॅकअप हाताने चालवला, आला. मालकांचा पासवर्ड उद्या सकाळी, चहा झाल्यावर.