गणित कच्चं म्हणून कोडिंग सोडू नका
‘गणित कच्चं असेल तर प्रोग्रामिंगच्या नादी लागू नये’ हे मत मला अजिबात पटत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शँटेल प्रॅट यांच्या गटाचा २०२० मधला अभ्यास बघा. नवशिके पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा किती लवकर शिकतात, याचा संबंध आकडेमोडीपेक्षा भाषा शिकण्याच्या क्षमतेशी जास्त निघाला.

सांगलीत विश्रामबागला मी कोडिंगचा क्लास घेते. काही मुलं आधी वहीत सगळा आराखडा मांडतात. काही थेट दोन ओळी लिहून, चालवून, मोडून पुन्हा जोडतात. या दुसऱ्यांना धांदरट ठरवणं अन्यायाचं आहे. संगणक आणि शिक्षणाचे अभ्यासक शेरी टर्कल आणि सेमूर पॅपर्ट यांनी १९९० मध्येच दोन्ही रीतींना सारखाच मान दिला होता. काळजी वाटते ती बुजऱ्या मुलांची. एरर आला की ती विचारतच नाहीत, त्यांच्याजवळ आपणच जाऊन बसायला हवं.