कळा चालू असताना नवऱ्यानं काय करायचं

दादा, 'आत थांबून मी करणार काय?' असं विचारलंत म्हणून लिहितोय. राजारामपुरीतल्या दवाखान्यात बायकोला 19 तास कळा चालल्या. पहिलटकरणीला 12 ते 18 तास लागणं नेहमीचंच, हे आधीच मनात धरा.

कळ आली की तळहाताचा मनगटाकडचा भाग तिच्या माकडहाडाच्या जरा वर घट्ट दाबून धरायचो. 'अजून जोरात' म्हणायची. माझे हात भरून आले, पण तिला तेवढाच आराम. कळ ओसरली की डॉक्टरांना विचारून घोटभर पाणी. 'झालं, थोडंच राहिलं' मात्र म्हणू नका. तिला खरंच राग येतो, आणि रास्त आहे तो. सासूबाईंना रात्री झोपायला घरी पाठवा, पहाटे ताज्या दमाचं माणूस लागतं.